ताईच्या वहीतल्या सात आशा: वजनाच्या ऑपरेशनआधी काय धरायचं, काय सोडायचं

माझ्या मोठ्या बहिणीने, ताईने, पाच वर्षांपूर्वी वजन कमी करायचं ऑपरेशन केलं. आम्ही मालवणकडचे, ऑपरेशन मुंबईत झालं. त्याच्या आधी तिथल्या डाएटिशियन मॅडमनी तिला एक काम दिलं होतं, की घरी जा आणि या ऑपरेशनने आपलं काय काय होईल असं वाटतं ते सगळं लिहून आण, काही लपवू नको. ताईने परतीच्या कोकणकन्येत मुलाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर सात गोष्टी लिहिल्या. आता आमच्याकडून कोणी ना कोणी फोन करतंच, तुझ्या बहिणीने केलंय ना, मग आमच्या आईचं करूया का, आणि मी दरवेळी त्या सात गोष्टींवरूनच सांगत बसते, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू. मी डॉक्टर नाही, पण पाच वर्षं तिच्यासोबत प्रत्येक तपासणीला गेलेय आणि जे कळलं नाही ते विचारून घेतलंय.

पहिली ओळ होती, "६० किलो." बस, एवढंच. ताईचं वजन तेव्हा ११८, उंची १५८ सेंटिमीटर, आणि लग्नात ती ५६ किलोची होती त्यामुळे साठ म्हणजे तिला फार काही मागतोय असं वाटतच नव्हतं.

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो म्हणून जरा थांबून सांगते. कुठेतरी ऐकलेलं असतं की ऑपरेशननंतर ६०-७० टक्के वजन उतरतं. पण ते टक्के एकूण वजनाचे नसतात, ते *जादा* वजनाचे असतात. जादा वजन म्हणजे तुमच्या उंचीला जेवढं असायला हवं त्याच्या वरचं. डॉक्टर बहुतेक वेळा बीएमआय २५ धरून ते काढतात. बीएमआय म्हणजे किलोमधलं वजन भागिले मीटरमधली उंची, आणि परत भागिले उंची. ताईचा बीएमआय ४७ च्या वर होता. तिच्या उंचीला बीएमआय २५ म्हणजे साधारण ६२ किलो, म्हणजे जादा वजन ५६ किलो, आणि त्याचे ६० टक्के म्हणजे ३३-३४ किलो. म्हणजे ११८ वरून ८४! सरळ एकूण वजनाच्या हिशोबाने गेलात तरी तिथेच येतं, कारण स्लीव्ह नावाच्या ऑपरेशनने पहिल्या एक-दीड वर्षात एकूण वजनाचा साधारण चौथा हिस्सा उतरतो आणि पोटाच्या बायपासने त्याहून थोडा जास्त, तीस टक्क्यांच्या आसपास, कोणाचं कमी कोणाचं जास्त (ही दोन ऑपरेशनं काय ते पुढे सांगते).

आता बघा, ८४ किलोला ताईचा बीएमआय ३३-३४ येतो, आणि आपल्याकडे भारतीयांसाठी २५ च्या वर गेलं की लठ्ठपणा धरतात. म्हणजे ऑपरेशन पूर्ण यशस्वी, सर्जन खूष, आणि तक्त्यात बाई अजून लठ्ठच. हे आधी माहीत नसलेला माणूस वर्षभराने काट्यावर उभा राहून रडतो आणि ज्याला माहीत आहे तो त्याच आकड्यावर घरच्यांना पेढे वाटतो. मॅडमनी ताईच्या "६०" वर रेघ मारली नाही, फक्त बाजूला पेन्सिलने "८३ ते ८८" लिहिलं. ताई त्या दिवशी लॉजवर जेवली नाही. पण मला आजही वाटतं की ते पेन्सिलचं लिहिणं हाच ऑपरेशनमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग होता, आणि तुमच्या सर्जनने तो केला नसेल तर तुम्ही स्वतः विचारून करून घ्या: माझ्या वजनात, माझ्या उंचीला, किलोमध्ये किती?

दुसरी ओळ खाण्याची, पण ती समजायला ऑपरेशन काय असतं ते आधी बघावं लागेल.

आपलं पोट, म्हणजे जठर, ताणलं की लिटर-दीड लिटर घेतं. स्लीव्हमध्ये त्याचा पाऊण हिस्सा किंवा थोडा जास्तच उभा कापून कायमचा काढून टाकतात, उरते ती केळ्यासारखी एक नळी. तो काढलेला भाग परत बसवता येत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला छोटीशी पिशवी करतात, साधारण ३० मिलीची, म्हणजे जेवायचे मोठे दोन चमचे, आणि तिला आतड्याचा पुढचा भाग आणून जोडतात, बाकीचं जठर आतच राहतं पण अन्न तिथून जात नाही. ही बायपासची कल्पना जुनी आहे, अमेरिकेतल्या आयोवामध्ये एडवर्ड मेसन नावाच्या सर्जनने १९६६ मध्ये पहिल्यांदा केलं. आता सगळं दुर्बिणीने होतं, चार-पाच छोटी भोकं, दोन-तीन दिवसांत घरी. ज्यांना आधीपासून छातीत जळजळ, आंबट वर येणं खूप आहे त्यांनी ते सर्जनला मुद्दाम सांगा, कारण स्लीव्हनंतर ते वाढू शकतं आणि मग बायपासचा विचार करतात.

नुसती जागा कमी झाली एवढंच नसतं. जठराच्या वरच्या फुगीर भागात घ्रेलिन नावाचं भुकेचं हार्मोन जास्त तयार होतं, आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग जातो. शिवाय अन्न आतड्यात लवकर पोचायला लागतं म्हणून पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणारी हार्मोन्स वाढतात. म्हणूनच नुसत्या डाएटने जे जमत नाही ते याने जमतं. डाएट केलं की शरीर घाबरून भूक वाढवतं, ऊर्जा वाचवायला लागतं, त्यात माणसाच्या इच्छाशक्तीचा काही दोष नसतो. ताईला आयुष्यभर "तोंडाला आवर घाल" हेच ऐकवलं गेलं आणि ते चूक होतं, हे मला इथे ठासून सांगायचंय.

पण तिने वहीत लिहिलं होतं, "खाण्याचा विचारच येणार नाही." पहिलं वर्ष जवळजवळ तसंच गेलं. नंतर भूक परत येते, पहिल्यासारखी नाही पण येते. आणि मनाची भूक तर जातच नाही, कारण तिच्यावर कोणी सुरी चालवलेली नसते. भावजी बोटीवर गेले की रात्री एकटी असताना ताईला काजू खायची सवय होती, ती ऑपरेशननंतर तिसऱ्या वर्षी परत आली. स्लीव्हमध्ये भाकरी, मटण अडतं, दोन घासांत पोट गच्च होतं. पण आमरस, आइसक्रीम, शहाळ्याची मलई, मिल्कशेक हे सगळं त्या नळीतून पाण्यासारखं उतरतं, फरसाण चघळत बसलं तर तेही, तिथे ऑपरेशन तुम्हाला अडवत नाही. आंब्याच्या हंगामात आमच्याकडे घरात पेट्या असतात, तेव्हा तर फारच जपावं लागतं. म्हणून मनाला वाईट वाटलं की खायची सवय असेल तर ती ऑपरेशनच्या *आधी* समुपदेशकाशी बोला. नंतर बोलू म्हणून ठेवू नका.

जेवणाचं खरं रूप सांगते. ऑपरेशनच्या आधी साधारण दोन आठवडे भात-साखर कमी आणि प्रोटीन जास्त असं खायला लावतात, त्याने यकृतातली चरबी कमी होते आणि सर्जनला आत नीट दिसतं. नंतर पहिले दिवस नुसतं पातळ: पेजेवरची निवळ, कुळथाचं कळण, डाळीचं पाणी. मग थोडं दाट, मग मऊ, आणि महिना-दीड महिन्याने हळूहळू साधं जेवण. रोज ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन पोटात जायला हवं आणि आपल्या कोकणातल्या ताटात पहिला मान भाताचा, तिथेच सगळं अडतं. ताईचं ताट आता उलटं झालंय. आधी मासा, मग उसळ किंवा अंडं, भात शेवटी आणि तोही चार चमचे. माशाच्या १०० ग्रॅममध्ये साधारण २० ग्रॅम प्रोटीन असतं, त्यामुळे बांगडा, सौंदाळे, सुरमई हे आपल्याला देवानेच दिलेलं आहे, फक्त तळून नको, तिखल्यासारखं थोड्या पाण्यात शिजवा. आणि सुरुवातीला काटे फार सांभाळून, घास पूर्ण चावून. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. सोडा, कोल्ड्रिंक बंद.

उकडीचे मोदक? बायपासवाल्यांनी नीट ऐका. गूळ-खोबऱ्याचं गोड सारण एकदम आतड्यात गेलं की घाम, धडधड, पोटात कळ, जुलाब, आडवं पडावंसं वाटणं, याला डंपिंग म्हणतात. स्लीव्हमध्ये हे कमी होतं पण होत नाही असं नाही. ताई गणपतीत अर्धा मोदक खाते, जेवणाच्या शेवटी, अगदी सावकाश.

"शुगरच्या गोळ्या बंद", ही तिची तिसरी आशा. ही बरीच खरी आहे पण तिला मुदत असते. कित्येकांची शुगर वजन उतरायच्या आधीच, काही दिवसांतच खाली येते, म्हणून जुन्या डोसने गोळ्या चालू ठेवल्या तर ती फार उतरण्याचा धोका असतो, डोस डॉक्टरकडून लगेच बदलून घ्यावा लागतो. पण पुढे काय? स्वीडनमध्ये १९८७ पासून एक मोठा अभ्यास चालला, ऑपरेशन केलेले दोन हजार आणि न केलेले दोन हजार लोक, वर्षानुवर्षं तपासलेले. त्यात ज्यांना डायबेटीस होता त्यातल्या ७२ टक्के लोकांचा तो दोन वर्षांनी गेलेला होता, आणि १५ वर्षांनी तो आकडा ३० टक्क्यांवर आला. तेव्हाची बरीच ऑपरेशनं आजच्यासारखी नव्हती हे खरं, पण दिशा तीच आहे. ज्यांचा डायबेटीस नवा आहे, इन्सुलिन लागत नाही, त्यांना फायदा जास्त. ताईचा नऊ वर्षांचा जुना होता. तीन गोळ्यांवरून ती एकीवर आली आणि तिथेच आहे. ती एक गोळी तिला आधी हरल्यासारखी वाटायची. मी म्हणते नऊ वर्षांच्या दुखण्याच्या तीनमधल्या दोन गेल्या, आणि डोळे-किडनी सांभाळल्या गेल्या, हे कमी आहे का? पण "डायबेटीस बरा होईल" असं कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याला बरा झाल्यावर किती वर्षं, असं नक्की विचारा.

गुडघे आणि झोप या दोन आशांबद्दल जास्त लिहीत नाही कारण त्या पुऱ्या झाल्या. झोपेत श्वास थांबायचा म्हणून ती रात्री मशीन लावून झोपायची, ते वर्षभराने तपासणी करून बंद केलं (स्वतःहून बंद करायचं नसतं). घरापासून विहिरीपर्यंत जांभ्याच्या ३१ पायऱ्या आहेत, त्या ती आता उतरते आणि चढते. झिजलेली कूर्चा परत येत नाही, पण तीस किलो ओझं उतरलं की दुखणं कमी होतं. फक्त एक, गुडघा दुखला की मेडिकलमधून दुखण्याची गोळी घ्यायची जी आपल्याकडची सवय आहे ती सोडावी लागते, खास करून बायपासनंतर, त्या गोळ्यांनी जोडलेल्या जागी अल्सर होतो. तंबाखू-सिगरेटनेसुद्धा. आणि दारू पहिल्यापेक्षा लवकर आणि जास्त चढते, बायपासनंतर काही जणांना तिचं व्यसनच लागतं, हे घरातल्या पुरुष माणसांना कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते.

सहावी ओळ, "लग्नातला शालू, तोच ब्लाउज." याबद्दल मला वाईट वाटतं कारण याची कल्पना तिला कोणीच दिली नव्हती. इतकं वजन उतरलं की कातडी तेवढी आत येत नाही. पोटावर, दंडावर, मांड्यांवर ती लोंबते. आणि आपल्या कोकणातल्या दमट हवेत त्या घड्यांमध्ये घाम साचून पुरळ येतं, फंगस होतं, जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत तेव्हा तर विचारूच नका. घड्या कोरड्या ठेवणं, सुती कपडा, डॉक्टरने दिलेली पावडर-मलम, हे रोजचं काम होऊन बसतं. व्यायामाने स्नायू चांगले होतात, लोंबलेली कातडी जात नाही. ती काढायची वेगळी प्लास्टिक सर्जरी असते, वजन स्थिर झाल्यावर, आणि खर्च वेगळा. केसही तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून मुठीने गळतात. ते बहुतेकांचे परत येतात, प्रोटीन-लोह-झिंक नीट असेल तर. बायांनी हे आधीच माहीत करून घ्या म्हणजे न्हाणीघरात एकटं बसून रडायची वेळ येणार नाही.

आता अंतराचं बोलते, कारण मुंबई-पुण्याच्या लोकांना हे लागत नाही आणि आपल्याला लागतं. ऑपरेशन करून दोन दिवसांत घरी सोडतात, पण आपलं घर तिथून आठ-दहा तासांवर. आम्ही डोंबिवलीला मावशीकडे दोन आठवडे राहिलो आणि ते बरंच झालं. टाके लावलेल्या जागेतून गळती होणं, रक्तस्राव, पायात रक्ताची गाठ होणं हे धोके थोड्यांनाच होतात, जिवाचा धोका अनुभवी ठिकाणी हजारात एक-दोन इतकाच, पण ते बहुतेक पहिल्या काही आठवड्यांत असतात. नाडी मिनिटाला १२० च्या वर राहिली, ताप आला, पोटात वाढती कळ, डाव्या खांद्यात दुखणं, धाप, पोटरी सुजणं, यातलं काही झालं तर सकाळपर्यंत थांबायचं नाही.

आणि उलट्या. ताईला सातव्या आठवड्यात चार दिवस उलट्या झाल्या, आम्ही जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथे लगेच ग्लुकोजचं सलाईन लावायला घेतलं. बरं झालं मॅडमचा कागद पर्समध्ये होता, त्यात ठळक लिहिलं होतं: सतत उलट्या असतील तर ग्लुकोजच्या आधी थायमिन, म्हणजे बी-१, द्यावं. कारण थायमिन कमी असताना नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला, नसांना इजा होऊ शकते. गावातल्या डॉक्टरला असे पेशंट रोज बघायला मिळत नाहीत, त्यात त्यांची चूक नाही. तुमच्या सर्जनकडून असा कागद लिहून घ्या, लॅमिनेट करा, पर्समध्ये ठेवा.

पाण्याचंही तसंच. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे घाम असा वाहतो आणि या लोकांना घटाघटा पिता येत नाही, घोट-घोटच. ताई बाटलीला दोरी लावून गळ्यात घालून फिरायची. आंब्याच्या काढणीच्या दिवसांत ऑपरेशन ठेवूच नका, असं माझं मत.

व्हिटॅमिनच्या गोळ्या जन्मभर: बी-१२, लोह, कॅल्शियम, डी, आणि वर्षातून रक्त तपासणी. इथे आपले लोक हमखास ढिले पडतात. बरं वाटतंय मग कशाला, असं म्हणतात. बी-१२ चा साठा शरीरात काही वर्षं पुरतो आणि मग हातापायांना मुंग्या यायला लागतात, तेव्हा कोणाला ऑपरेशन आठवतही नाही. मूल हवं असलेल्या मुलींनी ऑपरेशननंतर बारा ते अठरा महिने थांबायचं असतं, आणि वजन उतरलं की दिवस राहण्याची शक्यता वाढते म्हणून काळजी घ्यायची.

वजन थोडं परत चढतं. हे जवळजवळ सगळ्यांचं होतं. ताई ११८ वरून दीड वर्षात ८४ वर आली, आज ९० आहे. ते सहा किलो चढले तेव्हा तिने तपासणीलाच जायचं सोडलं, लाज वाटते म्हणाली, सर काय म्हणतील. सर काहीच म्हणाले नाहीत, आहार बघितला, रात्रीचे काजू सापडले, औषधाबद्दलही बोलले. त्या स्वीडनच्या अभ्यासातसुद्धा ऑपरेशनवाल्यांचं वजन दोन वर्षांनी सरासरी २३ टक्के खाली होतं आणि वीस वर्षांनी १८ टक्के. म्हणजे चढतं, पण ऑपरेशन न केलेल्यांचं वीस वर्षांत जवळपास जिथल्या तिथेच राहिलं होतं.

वजन उतरवायच्या इंजेक्शनांचं हल्ली सगळे विचारतात. मौंजारो आणि वेगोव्ही २०२५ मध्ये आपल्याकडे आली. त्यांनी सरासरी १५ ते २० टक्के वजन उतरतं, बंद केलं की बरंचसं परत येतं. कमी वजन उतरवायचं असेल तर तो रस्ता आधी विचारा, त्यात काही कमीपणा नाही. ऑपरेशनसाठी बीएमआय किती लागतो? २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात आशियाई लोकांसाठी २७.५ पासून विचार करा म्हटलंय, पण विमा कंपन्यांचा नियम वेगळा, ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत हृदयविकार, झोपेत श्वास थांबणं, ताब्यात नसलेला डायबेटीस असं काही. पॉलिसीत प्रतीक्षा काळही असतो. मुंबईची तारीख घ्यायच्या आधी हे बघा.

राहिली सातवी ओळ. "लोक बोलायचे बंद होतील." आधी ताईच्या सासूबाई म्हणायच्या, "पोट कापून कोण बारीक होता काय गो?" मग वजन उतरल्यावर शेजारी विचारायला लागले, आजारी आहे काय ही, चेहरा किती उतरलाय. कोणी म्हणालं सोपा रस्ता घेतला. सुरुवातीचे कित्येक आठवडे नुसतं कळण आणि अंड्यावर काढलेल्या बाईला सोपा रस्ता! लोक बोलायचे बंद होत नाहीत, विषय बदलतात.

आमच्याकडे मात्र गेल्या तीन गणपतीत एक ठरलंय. पंगत बसायच्या आधी ताईचं छोटं ताट मी वाढते, सकाळी मूग नाहीतर वाल, दुसऱ्या दिवशी नैवेद्य झाला की पनीर, भात चार चमचे, पाण्याचा पेला तिच्यासमोर ठेवत नाही. सासूबाई अजून वाढायला येतात, पातेलं हातात धरून उभ्या राहतात, "इतक्यान काय होतला?" म्हणतात आणि मग स्वतःच मागे फिरतात.